हार्लेमची रात्र, टोळ्यांचा पैसा आणि मानाचा प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ ऐकायला लागलेल्या माणसाला काही दिवसांतच एक अवघड गोष्ट कळते. ज्या संगीताने त्याला वेड लावले, त्यातले बरेचसे दारूच्या चोरट्या धंद्यावर पोसलेल्या जागांमध्ये वाजवले गेले, आणि त्यातल्या कित्येक जागांमध्ये वाजवणाऱ्याच्या सख्ख्या भावालाही गिऱ्हाईक म्हणून बसता येत नव्हते. ही उत्तरे अशा वाचकासाठी लिहिली आहेत. त्यांचा भर न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीवर आणि १९२० ते १९३५ या काळावर आहे. शिकागो, कॅन्सस सिटी आणि आपली मुंबई गरजेपुरती येते.

हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती कशी झाली?

हार्लेम गोऱ्या मध्यमवर्गासाठी बांधले गेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गरजेपेक्षा जास्त इमारती उभ्या राहिल्या, घरे रिकामी पडली, आणि कृष्णवर्णीय दलालांच्या मध्यस्थीने ती कृष्णवर्णीय भाडेकरूंना मिळू लागली. त्याच सुमारास दक्षिणेतून मोठे स्थलांतर सुरू झाले होते. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसांनी दक्षिणेतली राज्ये सोडली. कापसाच्या शेतातली वेठ, मतदानाला बंदी आणि झुंडीच्या हातून फासावर जाण्याची भीती मागे टाकून ही माणसे उत्तरेतल्या शहरांत आली. कॅरिबियन बेटांवरूनही हजारो लोक आले, आणि पुढच्या गोष्टीतली दोन महत्त्वाची माणसे त्या बेटांवरचीच आहेत.

वर्णभेदाचे कायदे दक्षिणेत होते. मग न्यूयॉर्कमध्ये ‘फक्त गोऱ्यांसाठी’ क्लब कसे चालले?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेतल्या राज्यांना शाळा, रेल्वेचे डबे आणि पाणपोया वेगळ्या ठेवण्याची कायदेशीर मुभा मिळाली. न्यूयॉर्कमध्ये असा कायदा नव्हता. उलट सार्वजनिक जागांमध्ये वर्णावरून प्रवेश नाकारण्यास मनाई करणारा कायदा तिथे १८९५ पासून होता.

पण कायदा पुस्तकात आणि दरवान दारात. ज्या क्लबचा मूळ धंदाच बेकायदा दारूचा होता आणि ज्याच्याकडून पोलिसांना हप्ता पोचत होता, त्याच्या दारात समान प्रवेशाचा कायदा कोण दाखवणार? घर भाड्याने देताना, नोकरीवर घेताना आणि कर्ज देताना हाच भेद कागदावर न आणता पाळला जाई. कृष्णवर्णीय भाडेकरूला दुसरीकडे घर मिळत नाही हे ठाऊक असल्यामुळे हार्लेममधले घरमालक चढे भाडे लावत.

दारूबंदीचा जॅझशी काय संबंध?

राष्ट्रीय दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. या जवळजवळ चौदा वर्षांत दारू पिणे थांबले नाही. ती विकण्याचा धंदा तेवढा परवानाधारकांच्या हातून टोळ्यांच्या हाती गेला. टोळीला दारू गाळायची किंवा सीमेपलीकडून आणायची असे, ती वाहून न्यायची असे, आणि शेवटी ती चढ्या भावाने खपवायची असे. हा शेवटचा टप्पा म्हणजे रात्रीचा क्लब. गिऱ्हाईक पहाटेपर्यंत बसून राहावे यासाठी चांगला वाद्यवृंद लागे, आणि चांगला वाद्यवृंद ठेवण्याइतका रोख पैसा दारूतून येत असे.

म्हणून या क्लबांना साधे गुत्ते म्हणणे चुकीचे ठरेल. गुत्ते वेगळे होते. तळघरांत, दुकानांच्या मागच्या खोल्यांत ते शेकड्यांनी चालत. मोठे क्लब म्हणजे त्याच दारूचे दर्शनी दालन होते.

कॉटन क्लबचा मालक कोण होता आणि तिथे नक्की काय चाले?

लेनॉक्स ॲव्हेन्यू आणि १४२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची ही जागा १९२० मध्ये जॅक जॉन्सनने ‘क्लब डिलक्स’ या नावाने सुरू केली होती. जॉन्सन हा मुष्टियुद्धातला पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. १९२३ मध्ये ती जागा ओनी मॅडनच्या ताब्यात गेली. मॅडन इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कच्या पश्चिमेकडच्या गोदी भागात वाढलेला टोळीप्रमुख होता. एका खुनाच्या प्रकरणात तो सिंग सिंग तुरुंगात शिक्षा भोगत असतानाच हा व्यवहार झाला. त्याला स्वतःची बिअर खपवायला एक दिमाखदार जागा हवी होती.

जागेचे नावच बोलके आहे. कापूस म्हणजे गुलामगिरीचे पीक. रंगमंचाची सजावट दक्षिणेतल्या मळ्यावरच्या हवेलीसारखी केली होती आणि नाचांचे प्रसंग कधी मळ्यावरचे तर कधी आफ्रिकेतल्या काल्पनिक जंगलातले असत. सुमारे ७०० माणसे बसतील अशा या जागेत प्रेक्षक गोरे, मालक गोरे, बहुतेक गाणी लिहिणारे गोरे. वादक, नर्तकी, वाढपी आणि आचारी कृष्णवर्णीय. नर्तकींसाठी नियम ठरलेले होते : उंची किमान साडेपाच फूट, वय एकविसाच्या आत, आणि वर्ण उजळ. कृष्णवर्णीय स्त्री हवी, पण फार काळी नको. मला या सगळ्या प्रकरणात हा नियम सर्वांत क्रूर वाटतो, कारण तो रंगाची उतरंड त्या लोकांच्या आतपर्यंत नेऊन पोचवतो. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द वाचत मोठे झालेल्या आपल्याला तो समजायला वेळ लागत नाही.

मग ड्यूक एलिंग्टनसारख्या मोठ्या जॅझ संगीतकाराने तिथे काम का केले?

कारण तिथे दररोज काम होते, वेळेवर पगार होता आणि मुख्य म्हणजे रेडिओ होता. एलिंग्टनचा वाद्यवृंद ४ डिसेंबर १९२७ ला कॉटन क्लबमध्ये रुजू झाला आणि १९३१ पर्यंत तिथे राहिला. ही जागा आधी किंग ऑलिव्हर या वाद्यवृंदप्रमुखाला देऊ केली होती. पैसे कमी वाटल्याने त्याने ती नाकारली. एलिंग्टन त्या वेळी फिलाडेल्फियात एका नाट्यगृहाशी बांधलेला होता आणि तो करार मोडण्यासाठी मॅडनच्या माणसांनी तिथल्या व्यवस्थापकाला धमकावले, असे सांगितले जाते.

क्लबमधले कार्यक्रम रेडिओवरून देशभर ऐकू जाऊ लागले आणि ज्या घरांत कृष्णवर्णीय माणसाला पुढच्या दाराने प्रवेश नव्हता त्या घरांच्या दिवाणखान्यात एलिंग्टनचे संगीत पोचले. दर काही महिन्यांनी नवा कार्यक्रम बसवायचा असल्याने त्याला सतत नवे लिहावे लागले. क्लबला ‘जंगलाचा आवाज’ हवा होता. बबर मायली हा ट्रम्पेटवादक आणि ट्रिकी सॅम नॅन्टन हा ट्रोम्बोनवादक वाद्याच्या तोंडावर रबरी कप धरून गुरगुरणारा, कण्हणारा, जवळजवळ बोलणारा सूर काढत. तो कप म्हणजे मोरी तुंबली की वापरतात त्या पंपाचा रबरी भाग. मालकांना त्यात जंगल ऐकू येत असेल. आज ऐकताना त्यात माणसाचा गळा ऐकू येतो. मागणी अपमानाची होती आणि तिच्यातून उभे राहिले ते विसाव्या शतकातले एक अस्सल संगीत. पण म्हणून त्या अपमानाचे आभार मानण्याची काहीच गरज नाही. एलिंग्टनने क्लबच्या मालकांना गळ घातल्यावर कलाकारांच्या घरच्या माणसांसाठी दारावरची बंदी थोडी सैल झाली, आणि ती तेवढीच राहिली.

त्याच्यानंतर गायक कॅब कॅलोवे आपला वाद्यवृंद घेऊन आला. १९३३ मध्ये एथेल वॉटर्स तिथे गात होती आणि त्याच वर्षी सोळा वर्षांची लीना हॉर्न समूहनृत्यात दाखल झाली.

हार्लेमच्या लोकांना स्वतःला जाता येईल अशा जागा नव्हत्या का?

होत्या, आणि नाचाचा खरा इतिहास त्यांच्यातच घडला. सातव्या ॲव्हेन्यूवर एड स्मॉल्स या कृष्णवर्णीय मालकाने १९२५ मध्ये ‘स्मॉल्स पॅराडाइज’ सुरू केले; तिथे दोन्ही वर्णांचे लोक बसत आणि वाढपी हातात ट्रे घेऊन चार्ल्सटन नाचत टेबलापर्यंत येत. १२ मार्च १९२६ ला लेनॉक्स ॲव्हेन्यूवर सव्हॉय बॉलरूम उघडले. त्याची गुंतवणूक गोऱ्या मालकाची होती, पण कारभार चार्ल्स बुकॅनन हा कृष्णवर्णीय व्यवस्थापक पाहत असे, आणि दारात वर्ण पाहिला जात नसे. लिंडी हॉप हा नाच तिथल्याच लाकडी जमिनीवर रंगला. ठेंगणा, पाठीच्या व्याधीने वाकलेला चिक वेब तिथे ड्रम वाजवत असे आणि गायिका एला फिट्झजेराल्ड त्याच्याच वाद्यवृंदातून पुढे आली. कॉटन क्लबपासून सव्हॉय दोन मिनिटांच्या अंतरावर होते, हे नकाशावर पाहिले की त्या दोन दारांतला फरक नीट समजतो.

तिसरी जागा म्हणजे घर. भाडे थकले की शनिवारी रात्री घरातले सामान बाजूला सरकवून पियानोवाला बोलवायचा, दारात थोडे पैसे घ्यायचे, तळलेले मासे आणि चोरटी दारू विकायची आणि जमलेल्या पैशांतून भाडे भरायचे. जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ आणि फॅट्स वॉलर यांची बोटे अशा भाडेपार्ट्यांमध्ये तयार झाली.

‘नंबर्स’ म्हणजे काय?

ज्याने मुंबईत किंवा कोकणातल्या एखाद्या बाजारपेठेत आकडा लावणारी माणसे पाहिली आहेत त्याला हे एका वाक्यात कळेल : हार्लेमचा ‘नंबर्स’ म्हणजे तीन अंकी आकडा.

०००पासून ९९९पर्यंतचा कोणताही आकडा निवडायचा आणि अगदी एका सेंटपासून पैसे लावायचे. आकडा लागला तर साधारणपणे एकास सहाशे या भावाने पैसे मिळत. शक्यता हजारात एक असल्याने मधला फरक धंद्याचा नफा. सकाळी घरोघर, न्हाव्याच्या दुकानात, सिगारच्या टपरीवर फिरून पैसे गोळा करणारा माणूस सर्वांत खाली, त्याच्यावर त्या भागाचा हिशेब पाहणारा, आणि सर्वांत वर पेढीवाला, ज्याला तिथे ‘बँकर’च म्हणत.

विजयी आकडा कुठून येई, यात या धंद्याची खरी हुशारी होती. कॅस्पर होल्स्टाइन हा सेंट क्रॉय बेटावरून आलेला माणूस एका दुकानात हरकाम्या होता. न्यूयॉर्कच्या बँकांच्या क्लिअरिंग हाऊसमध्ये रोज झालेल्या उलाढालीचे आकडे वर्तमानपत्रात छापून येत, आणि त्यांतले ठरावीक स्थानांवरचे अंक घेऊन विजयी आकडा काढण्याची पद्धत त्याच्या नावाने सांगितली जाते. हा आकडा पेढीवाल्याच्या हातात नव्हता, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसला. मुंबईतही असेच झाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. ते भाव यायचे बंद झाल्यावर, १९६० च्या दशकात, मडक्यातून चिठ्ठी काढण्याची पद्धत आली आणि ‘मटका’ हे नाव पडले. ज्या वस्तीला बँक दारात उभी करत नाही तिथे हा धंदा का रुजतो, याचे उत्तर दोन्ही शहरांत सारखेच आहे.

या पेढीवाल्यांना वस्तीत मान का होता?

कारण त्यांचा पैसा वस्तीत फिरत असे. हार्लेमच्या किराणा दुकानदाराला किंवा छोट्या उपाहारगृहाच्या मालकिणीला बँक कर्ज देत नसे, पेढीवाला देई. शेकडो माणसांना या धंद्यात काम होते, आणि बाहेरच्या जगात कृष्णवर्णीय पदवीधरालाही हमालाचीच नोकरी मिळे, हे लक्षात घेतले तर हिशेब लिहिणाऱ्याची ती जागा किती मोलाची होती हे कळेल. होल्स्टाइनने ‘ऑपॉर्च्युनिटी’ या मासिकाच्या साहित्य पुरस्कारांसाठी पैसे दिले. हार्लेमच्या वाङ्मयीन बहराला आकड्याच्या पैशाचे खत मिळाले आहे. १९२८ मध्ये त्याचे अपहरण झाले आणि खंडणी मागितली गेली, तेव्हा शहरातल्या गोऱ्या वाचकांना पहिल्यांदा कळले की या धंद्यात किती पैसा आहे.

हेही तितकेच खरे आहे की तो पैसा मोलकरणींच्या आणि हमालांच्या चिल्लरीतून जमलेला होता, आणि हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा ती चिल्लर परत येत नसे. पुरस्काराची रक्कम मोजताना ही चिल्लरही मोजली पाहिजे.

स्टेफनी सेंट क्लेअर कोण होती?

फ्रेंच कॅरिबियन बेटांतून आलेली, हार्लेममध्ये ‘मादाम क्वीन’ म्हणून ओळखली जाणारी आकड्याची पेढीवाली. या कथेत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो तिच्या एका विशिष्ट कृतीबद्दल. तिने ‘ॲमस्टरडॅम न्यूज’ या हार्लेमच्या वर्तमानपत्रात स्वतःचे पैसे भरून जाहिराती दिल्या, आणि त्या धंद्याच्या नव्हत्या. पोलीस वॉरंटाशिवाय घरात शिरले तर काय करावे, नागरिकाचे हक्क कोणते, कोणता अधिकारी लोकांना छळतो, असे ती त्यात लिहीत असे. शेवटी पोलिसांनी तिला अटक केली आणि तिने काही महिने तुरुंगात काढले. सुटून आल्यावर १९३० मध्ये शहरातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या सीबरी आयोगासमोर उभी राहून तिने सांगितले की पोलिसांना आपण हप्ते देत होतो आणि पैसे घेऊनही त्यांनी आपल्या माणसांना पकडले.

ती काही समाजसुधारक नव्हती, ती बेकायदा धंदा चालवत होती. पण एका कृष्णवर्णीय स्थलांतरित बाईने त्या काळात पोलिसांवर उघड साक्ष देणे, आणि ज्यांना कोणी ‘बाई’ म्हणत नव्हते त्या वस्तीकडून ‘मादाम’ म्हणवून घेणे, या गोष्टी साध्या नाहीत.

डच शुल्ट्झ आणि बम्पी जॉन्सन यांचा झगडा नेमका काय होता?

दारूबंदी उठणार हे दिसू लागल्यावर गोऱ्या टोळ्यांना नवे उत्पन्न हवे होते. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात बिअरचा धंदा करणारा डच शुल्ट्झ, खरे नाव आर्थर फ्लेगेनहायमर, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेमच्या पेढ्यांवर चाल करून आला. मारहाण, खून आणि राजकीय वशिला वापरून त्याने बहुतेक पेढीवाल्यांना आपले नोकर करून टाकले. विजयी आकडा आता घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैशांच्या बेरजेवरून काढला जात होता, आणि शुल्ट्झचा हिशेबनीस ओटो बर्मन शेवटच्या क्षणी शर्यतीवर पैसे लावून ती बेरीज अशी फिरवी की ज्या आकड्यावर लोकांचे जास्त पैसे असतील तो लागूच नये. आकड्याच्या जुगारात जो एकमेव प्रामाणिकपणा उरला होता तोही असा गेला.

सेंट क्लेअरने शुल्ट्झपुढे मान तुकवली नाही. तिच्या बाजूने लढणाऱ्यांत एल्सवर्थ ‘बम्पी’ जॉन्सन होता. तो १९०५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात जन्मला होता आणि डोक्याच्या मागच्या टेंगळामुळे त्याला ते नाव पडले होते. २३ ऑक्टोबर १९३५ ला शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात एका उपाहारगृहात शुल्ट्झला गोळ्या घातल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. बर्मनही त्याच हल्ल्यात संपला. पण हा हल्ला हार्लेमने केलेला नव्हता. सरकारी वकील टॉमस ड्युई याला मारण्याचा शुल्ट्झचा बेत इतर टोळीप्रमुखांना परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनीच त्याचा काटा काढला. शुल्ट्झ मरणाच्या दारात असताना सेंट क्लेअरने इस्पितळात तार पाठवली, पेराल तसे उगवेल अशा अर्थाच्या बायबलमधल्या वचनाची. धंदा मात्र हार्लेमच्या हाती पूर्णपणे परत आला नाही. लकी लुचियानो या गोऱ्या टोळीप्रमुखाच्या माणसांशी समझोता करूनच जॉन्सनला पुढे वावरता आले.

मानाचे संकेत म्हणजे नेमके काय?

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात.

पहिली गोष्ट संपूर्ण समाजाची आहे. दक्षिणेत गोरा माणूस पन्नाशीच्या कृष्णवर्णीय गृहस्थाला ‘पोरा’ म्हणून हाक मारी आणि त्याच्या बायकोला नुसत्या पहिल्या नावाने. ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ लावायचे नाही, हा अलिखित नियम होता. मराठीत अरे-तुरे आणि अहो-जाहो यांत केवढे जग सामावले आहे हे जाणणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. हा मुद्दा किती खोल होता याचा पुरावा म्हणून एक खटला सांगतो : अलाबामात मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क कार्यकर्तीने न्यायालयात ‘मेरी’ या हाकेला उत्तर द्यायला नकार दिला, ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय बोलणार नाही असे सांगितले, आणि त्याबद्दल तिला शिक्षा झाली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. संबोधनाचा हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आता संगीतकारांची नावे आठवून पाहा. किंग ऑलिव्हर, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगने गायिका बिली हॉलिडेला ‘लेडी डे’ म्हटले आणि तिने त्याला राष्ट्राध्यक्ष या अर्थाने ‘प्रेझ’. ही नावे निरनिराळ्या प्रसंगी, कधी मित्रांनी थट्टेने तर कधी जाहिरातीसाठी ठेवली गेली. पण जग ज्यांना ‘मिस्टर’ म्हणायला तयार नव्हते त्यांनी एकमेकांना राजे आणि उमराव म्हटले, यातला अर्थ निसटू देऊ नये. कडक इस्त्रीचे सूट, चकचकीत बूट आणि वाद्यवृंदाची शिस्त हीही त्याच मानाची भाषा होती. दक्षिणेच्या दौऱ्यावर हॉटेलात खोली मागून नकार ऐकण्याची वेळ येऊ नये म्हणून एलिंग्टनचा वाद्यवृंद स्वतंत्र पुलमन डबे, म्हणजे झोपण्याची सोय असलेले रेल्वेचे डबे, भाड्याने घेई आणि त्यांतच झोपे. ज्यांना डबे परवडत नव्हते त्यांच्यासाठी हार्लेममधला टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन १९३६ पासून एक मार्गदर्शिका छापू लागला. कोणत्या गावात कृष्णवर्णीय प्रवाशाला जेवण, खोली आणि पेट्रोल मिळेल याची ती यादी होती.

दुसरी गोष्ट धंद्यातली आहे. आकडा लागला की पैसे त्याच दिवशी, पूर्ण, कुरकुर न करता द्यायचे. लिखापढी पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून गोळा करणाऱ्याने डझनावारी आकडे तोंडपाठ ठेवायचे. कोणाचे नाव पोलिसांपुढे घ्यायचे नाही. शब्द मोडणाऱ्याला वस्तीत पुन्हा कोणी शब्द देत नसे. हे नियम पवित्र नव्हते. जिथे करार न्यायालयात नेता येत नाही तिथे शब्द हाच कागद असतो. आणि शब्दाच्या मागे मारहाणीची भीती उभी असे. मान आणि दरारा या दोन शब्दांतले अंतर अशा जागी फार कमी होते, आणि टोळीवाल्यांच्या कथा सांगणारे लोक नेमके तेच विसरतात.

टोळीवाले कलाकारांना चांगले वागवत, हे खरे का?

पगाराच्या बाबतीत अनेकदा खरे, स्वातंत्र्याच्या बाबतीत नाही. शिकागोच्या दक्षिण भागात पियानोवादक अर्ल हाइन्स १९२८ च्या अखेरीस ग्रँड टेरेस या क्लबमध्ये रुजू झाला आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथे वाजवत राहिला. त्या जागेत अल कपोनच्या टोळीचा हितसंबंध होता. नोकरी पक्की होती, पण मनात आले म्हणून सोडता येण्यासारखी नव्हती.

जागा सोडणाऱ्याचे काय होई हे जो लुईस या गोऱ्या गायकाच्या बाबतीत दिसले. १९२७ मध्ये तो टोळीच्या क्लबमधून दुसरीकडे गेला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर सुऱ्याने वार केले गेले. तो वाचला, पण त्याची वाचा परत यायला फार काळ लागला आणि पुढे त्याने विनोदी कलाकार म्हणून नाव मिळवले. लुई आर्मस्ट्राँगला १९३१ मध्ये शिकागोत एका गुंडाने बंदूक दाखवून न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये जायला फर्मावले. तो न्यूयॉर्कला न जाता दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला. आणि मेम्फिसमध्ये व्यवस्थापकाची गोरी बायको बसमध्ये एका कृष्णवर्णीय वादकाशेजारी बसली म्हणून त्याच्या वाद्यवृंदाला पोलिसांनी अटक केली. एकीकडे टोळी आणि दुसरीकडे कायदा, अशा त्या वर्षी जगातला सर्वांत मोठा ट्रम्पेटवादक सुरक्षित जागा शोधत फिरत होता. १९३५ मध्ये त्याने जो ग्लेझरला व्यवस्थापक केले. ग्लेझर स्वतः शिकागोच्या त्याच क्लबांच्या दुनियेतला होता, आणि अशा माणसाचे छत्र घेतल्यावरच बाकीचे दूर राहिले.

कॅन्सस सिटीचे नाव यात का येते?

तिथे टोळीपेक्षा राजकीय पुढाऱ्याचे राज्य होते. टॉम पेंडरगास्टच्या आशीर्वादाने शहरात दारूबंदी नावापुरती होती, क्लब रात्रभर उघडे असत, आणि पियानोवादक काउंट बेसी रेनो क्लबमध्ये वाजवत असे. वादकांना पहाटेपर्यंत एकमेकांशी भिडायला मिळे. १९३९ मध्ये पेंडरगास्ट करचुकवेगिरीत तुरुंगात गेला आणि ती रात्र ओसरली.

दारूबंदी उठल्यावर काय झाले?

१९ मार्च १९३५ ला हार्लेममध्ये मोठी दंगल झाली. दुकानात पकडलेल्या एका मुलाला मारून टाकल्याची अफवा हे निमित्त होते. बेकारी, चढी भाडी आणि वस्तीतल्याच दुकानांत नोकरी न मिळणे ही कारणे होती. गोरे गिऱ्हाईक यायचे कमी झाले, कॉटन क्लब १९३६ मध्ये ब्रॉडवेवर हलला आणि १९४० मध्ये बंद पडला.

टोळ्यांची जागा काही प्रमाणात पोलिसांच्या परवान्याने घेतली. १९४० च्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या जागेत काम करायला बोटांचे ठसे देऊन पोलिसांकडून कार्ड घ्यावे लागे. बिली हॉलिडेचे कार्ड १९४७ मध्ये गेले आणि आपल्याच शहरातल्या क्लबांचे दरवाजे तिला बंद झाले. पुढच्या वर्षी ती कार्नेगी हॉल या मोठ्या सभागृहात गाऊ शकली, क्लबमध्ये नाही. पियानोवादक थेलोनियस मंकने १९५१ ते १९५७ ही उमेदीची वर्षे अशीच गमावली. ही पद्धत १९६७ मध्ये बंद झाली. आकड्याचेही पुढे सरकारीकरण झाले : १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्याने स्वतःची तीन अंकी सोडत सुरू केली. ज्यासाठी हार्लेमची माणसे तुरुंगात गेली तोच खेळ आता सरकारी खिडकीवर मिळू लागला.

बम्पी जॉन्सनसारख्यांना नायक मानावे का?

नाही, आणि त्यांच्याकडे निव्वळ गुन्हेगार म्हणूनही पाहू नये. जॉन्सन हार्लेममध्ये अनेकांना मदत करणारा माणूस म्हणून लोकांच्या आठवणीत आहे. अमली पदार्थांच्या कटाच्या गुन्ह्यात तो अल्काट्राझच्या तुरुंगात जाऊन आला हेही नोंदीत आहे, आणि हेरॉइनने त्याच हार्लेमच्या पोरांचे काय केले हे कोणत्याही दानधर्माने झाकले जात नाही. १९६८ मध्ये हार्लेममधल्याच एका उपाहारगृहात हृदयविकाराने तो गेला. वस्तीला कर्ज देणारी बँक, दाद देणारा पोलीस आणि नावाने नीट हाक मारणारा साहेब मिळाला असता तर या माणसांची गरज किती उरली असती, हा प्रश्न त्यांच्या शौर्याच्या कथांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो.

मराठी वाचकाने याची तुलना जातिभेदाशी करावी का?

जपून करावी. पण ती तुलना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि ते विद्यापीठ हार्लेमला लागून आहे. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची माहिती मागवली, आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तर दिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून आले आहे.

या संगीताचा मुंबईशी थेट संबंध आला का?

आला, आणि तो फार सुंदर आहे. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला माणूस. तो १९२६ मध्येच आशियाकडे निघून आला होता, आणि १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने वारला. अमेरिकेत ज्यांना मागच्या दाराने आत जावे लागे ते इथे समुद्रासमोरच्या हॉटेलात मुख्य आकर्षण होते. मात्र प्रेक्षकांत साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत पारशीच असत, हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक हे संगीत शिकले. फ्रँक फर्नांड त्यांतला एक. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबई गाजवू लागला आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मग १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री आटल्या आणि या वादकांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाची वाट धरली. चिक चॉकलेटने पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांबरोबर, म्हणजे सी. रामचंद्रांबरोबर काम केले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादांच्या मागे तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. त्या चित्रपटातल्या गाण्यांत ट्रम्पेटचा सूर वर चढतो तेव्हा एकदा डोळे मिटून ऐकावा. लेनॉक्स ॲव्हेन्यूपासून दादरपर्यंतचा रस्ता त्यातूनच गेला आहे.